फुल्मारच्या जठरातील प्लास्टिक: उत्तर समुद्रातील एका जैवनिर्देशकाचे प्रकरण

समुद्रात किती प्लास्टिक तरंगते आहे, या प्रश्नाचे उत्तर पाण्यातून थेट काढणे फार अवघड असते. वारा सुटला की पृष्ठभागावरचे हलके तुकडे खाली ढकलले जातात, वारा पडला की ते पुन्हा वर येतात. सकाळी ओढलेल्या बारीक जाळ्यात जेवढे कण निघतात त्यांच्या कित्येक पट कण त्याच जागी दुपारी निघू शकतात. आणि असा चढउतार सरासरीत विरून जावा इतक्या वेळा जहाज समुद्रात नेण्याचा खर्च कोणत्याही नियमित देखरेखीला झेपत नाही. म्हणून पाण्याऐवजी त्या पाण्यावर जगणारा जीव तपासावा, त्याने आठवडेच्या आठवडे आपोआप गोळा केलेला नमुना वाचावा, ही कल्पना पुढे आली. कल्पना आकर्षक आहे, आणि म्हणूनच ती अनेकदा घाईने वापरली जाते. एखाद्या प्राण्याच्या पोटात प्लास्टिक सापडले, एवढ्यावरून तो प्राणी निर्देशक ठरत नाही. तो काय गिळतो, काय टाळतो, गिळलेले किती काळ धरून ठेवतो आणि कोणत्या वाटेने बाहेर टाकतो, हे ठाऊक असेल तरच त्याच्या पोटातला आकडा समुद्राविषयी काही सांगतो.

या कसोटीवर सर्वाधिक काळ घासले गेलेले उदाहरण म्हणजे उत्तर समुद्रातील फुल्मार हा पक्षी. ईशान्य अटलांटिकच्या संरक्षणासाठी झालेल्या ऑस्पार कराराखाली या पक्ष्यासाठी एक उद्दिष्ट लिहून ठेवलेले आहे: किनाऱ्यावर मृतावस्थेत वाहून आलेल्या फुल्मारांपैकी ज्यांच्या जठरात ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त प्लास्टिक आहे, अशांचे प्रमाण १० टक्क्यांपेक्षा कमी असावे, आणि हे उत्तर समुद्राच्या चार ते पाच भागांतून मिळालेल्या प्रत्येकी ५० ते १०० पक्ष्यांच्या नमुन्यावर, किमान पाच वर्षांच्या काळात, सिद्ध व्हावे. पर्यावरणाच्या धोरणात इतके नेमके वाक्य क्वचितच आढळते. त्यात जीव ठरलेला आहे, अवयव ठरलेला आहे, वजन, प्रमाण, नमुन्याचा आकार आणि कालावधीही ठरलेला आहे. या लेखात त्या वाक्यामागची रचना कशी उभी राहिली, ती कोणत्या प्रश्नांची उत्तरे देते आणि सूक्ष्मप्लास्टिकाच्या अधिक बारीक टोकाकडे जाताना ती कोठे थांबते, हे तपासले आहे.

हाच पक्षी का

फुल्मार दिसायला कुरव पक्ष्यासारखा असला तरी तो कुरवांच्या कुळातला नाही. चोचीवर नळीसारख्या नाकपुड्या असलेल्या, खुल्या समुद्रावर जगणाऱ्या पक्ष्यांच्या गटात तो मोडतो. पंखांचा विस्तार एक मीटरहून थोडा अधिक, वजन साधारण पाऊण किलोच्या आसपास, आयुष्य चाळीस वर्षांच्याही पुढे जाऊ शकणारे. तो जमिनीवर किंवा गोड्या पाण्यात अन्न शोधत नाही. कुरव कचराकुंडीवरही उतरतो, त्यामुळे त्याच्या पोटातले प्लास्टिक शहरातून आले की समुद्रातून, हे सांगता येत नाही. फुल्मारच्या बाबतीत हा घोळ नाही. त्याच्या जठरात जे आहे, ते समुद्राच्या पृष्ठभागावरून किंवा त्याच्या लगतच्या थरातून उचललेले आहे.

दुसरे कारण त्याच्या पचनसंस्थेत आहे. अनेक समुद्रपक्षी न पचणारे पदार्थ गोळ्याच्या रूपाने नियमितपणे ओकून टाकतात. फुल्मार हे सहसा करत नाही. शत्रू घरट्याजवळ आला तर तो जठरातले दुर्गंधी तेल त्याच्यावर उडवतो आणि पिलाला भरवताना अन्न वर आणतो, पण एरवी कठीण वस्तू त्याच्या जठरातच राहतात. जठराचे दोन भाग असतात. पहिला ग्रंथिल, पिशवीसारखा आणि ताणला जाणारा. दुसरा पेषणी, म्हणजे जाड स्नायूंचा लहान कप्पा, जिथे कठीण पदार्थ रगडले जातात. मोठे तुकडे पहिल्या भागात थांबतात, लहान तुकडे पेषणीत उतरतात आणि आतड्यात शिरण्याइतके बारीक होईपर्यंत तिथे घासले जातात. माकुळाच्या चोची आणि प्लास्टिक या दोहोंची पेषणीतली गत सारखीच.

तिसरे कारण अगदी व्यावहारिक आहे, आणि माझ्या मते तेच निर्णायक ठरले. उत्तर समुद्राच्या काठावर मेलेले पक्षी मोजणाऱ्या स्वयंसेवकांचे जाळे आधीपासून होते. जहाजांच्या तेलगळतीवर लक्ष ठेवण्यासाठी किनारे ठरावीक काळाने चालून काढले जात, आणि तेलाने माखलेल्या गिलमॉट पक्ष्यांचे प्रमाण हेही पुढे ऑस्पारचे एक उद्दिष्ट झाले. प्लास्टिकसाठी नवी यंत्रणा उभारावी लागली नाही. जे पक्षी मोजून सोडून दिले जात होते, त्यांतले फुल्मार उचलून गोठवायचे, एवढेच वाढवावे लागले. शिवाय यासाठी एकही पक्षी मारावा लागत नाही. दीर्घकाळ चालणाऱ्या देखरेखीत नैतिक आक्षेप आणि परवानग्यांचा जाच नसणे ही गोष्ट शास्त्रीय गुणांइतकीच महत्त्वाची असते, हे अहवालांतून सहसा लिहिले जात नाही.

नेदरलँड्समध्ये यान आंद्रीस व्हान फ्रानेकर यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून फुल्मारच्या जठरांची तपासणी सुरू केली आणि १९८५ मध्ये उत्तर अटलांटिकच्या फुल्मारांतील प्लास्टिकवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. तेव्हा हे एका अभ्यासकाचे संशोधन होते. २००० साली युरोपीय संघाने जहाजांचा कचरा स्वीकारण्याच्या बंदरांतील सोयींविषयी निर्देश काढला. त्याचा परिणाम होतो की नाही हे पाहण्यासाठी डच सरकारला मोजमाप हवे होते, आणि जुने नमुने व जुनी पद्धत हाताशी असल्याने फुल्मार त्या कामाला लागला. २००२ पासून एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पातून हे काम उत्तर समुद्राभोवतीच्या इतर देशांत पसरले.

तपासणीच्या टेबलावर

गोठवलेला पक्षी वितळल्यावर आधी त्याची बाहेरून मोजमापे घेतली जातात, पिसांची स्थिती आणि तेलाचे डाग नोंदले जातात, मग छाती उघडून चरबी व स्नायू पाहून तो उपाशी मेला की अचानक, याचा अंदाज बांधला जातो. जननेंद्रियांवरून लिंग ठरते. वय ठरवताना फॅब्रिशियसची पिशवी हा छोटा अवयव उपयोगी पडतो, कारण तो कोवळ्या पक्ष्यांत ठळक असतो आणि वाढत्या वयाबरोबर नाहीसा होतो. ही माहिती शोभेची नाही. लिंगाने प्लास्टिकच्या प्रमाणात फरक पडत नाही, मृत्यूच्या कारणानेही विशेष पडत नाही, पण वयाने पडतो: कोवळ्या पक्ष्यांच्या जठरात प्रौढांपेक्षा सरासरीने जास्त प्लास्टिक सापडते. म्हणजे एखाद्या वर्षी किनाऱ्यावर कोवळे पक्षीच जास्त आले, तर समुद्र बदललेला नसतानाही आकडा वर जाईल. वयाची नोंद नसेल तर हा भास ओळखता येणार नाही.

त्यानंतर अन्ननलिकेपासून आतड्याच्या सुरुवातीपर्यंतचा भाग कापून जठर उघडले जाते आणि आतले सर्व काही १ मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीवर पाण्याने धुतले जाते. चाळणीवर उरते ते पाहण्यासारखे असते: माकुळाच्या काळसर चोची, माशांच्या डोळ्यांतली कठीण भिंगे, माशांच्या कानातले लहान पांढरे खडे, सागरी कृमींचे जबडे, लाकडाचे तुकडे, मेणासारखे पॅराफिनचे गोळे, आणि यांत मिसळलेले प्लास्टिक. द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली ते वेगळे केले जाते, वाळवले जाते आणि ग्रॅमच्या दहाहजाराव्या भागापर्यंत तोलले जाते.

वेगळे करताना एक विभागणी सुरुवातीपासून कटाक्षाने पाळली गेली. एकीकडे औद्योगिक प्लास्टिक, म्हणजे कारखान्यात वितळवून वस्तू घडवण्यासाठी तयार केलेला कच्चा दाणा. दुसरीकडे वापरातून आलेले प्लास्टिक, ज्यात पातळ पापुद्रे, दोऱ्या व तंतू, थर्माकोलसारखा फेस, कठीण वस्तूंचे तुकडे आणि उरलेले किरकोळ प्रकार असे पोटभेद आहेत. कोवळ्या पक्ष्याच्या पेषणीतला गोलसर, कडा झिजलेला, दुधी किंवा पिवळसर दाणा आणि मासेमारीच्या दोरीचा हिरवा-निळा पीळ यांचे एकत्रित वजन एकच आकडा देते, पण त्यांचे उगम आणि त्यांना आवर घालण्याचे मार्ग पूर्णपणे भिन्न आहेत.

मोजणी करायची ती संख्येने की वजनाने, हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. पेषणीत एका तुकड्याचे चार होतात. त्यामुळे संख्या ही पक्ष्याच्या पचनाविषयी जास्त आणि समुद्राविषयी कमी सांगते, तर वजन निदान तुटण्याने बदलत नाही. पण वजनालाही खोट आहे. एखाद्या पक्ष्याने एकच मोठा पापुद्रा गिळलेला असला की संपूर्ण नमुन्याची सरासरी उचलली जाते. याच कारणाने उद्दिष्टात सरासरी वजन न घेता मर्यादा ओलांडणाऱ्या पक्ष्यांचे प्रमाण घेतले गेले, आणि कालानुरूप कल तपासताना प्रत्येक पक्ष्याच्या वजनाचे लॉगॅरिथम वापरले जाते.

जठर किती दिवसांचे आणि कुठले सांगते

कोणत्याही मापकाला स्वतःची स्मरणशक्ती असते, आणि ती किती लांब आहे हे कळल्याशिवाय त्याचे वाचन निरर्थक ठरते. फुल्मारच्या बाबतीत हा प्रश्न त्याच्या एका दक्षिणी नातेवाईकाने सोडवला. केप पेट्रेल हा पक्षी हिवाळ्यात उत्तरेकडच्या समुद्रांवर फिरतो आणि विणीसाठी अंटार्क्टिकात येतो, जिथे पाण्यात प्लास्टिक जवळजवळ नसते. हंगामाच्या सुरुवातीला त्याच्या जठरात जेवढे प्लास्टिक असते, ते पुढच्या आठवड्यांत झपाट्याने घटते. त्यावरून महिन्याभरात साधारण ७५ टक्के प्लास्टिक झिजून बाहेर पडते, असा अंदाज बांधला गेला. म्हणजे फुल्मारचे जठर वर्षानुवर्षांचा साठा नसून मागच्या काही आठवड्यांचा हिशेब आहे. देखरेखीसाठी हे सोयीचेच आहे. जुना साठा न पुसता धरून ठेवणारा जीव धोरणातला बदल दशकभर लपवून ठेवेल. एक-दोन दिवसांत सारे बाहेर टाकणारा जीव पाण्याच्या जाळीइतकाच अस्थिर आकडा देईल. फुल्मार या दोहोंच्या मध्ये आहे.

जागेचा प्रश्न मात्र इतका स्वच्छ सुटत नाही. स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांवरील एका फुल्मारच्या अंगावर बसवलेल्या मागोवा-यंत्राने दाखवले, की विणीच्या काळातसुद्धा तो एका फेरीत सुमारे १५ दिवसांत ६,२०० किलोमीटरहून अधिक अंतर उडून अटलांटिकच्या मध्यापर्यंत गेला आणि परतला. असा पक्षी डच किनाऱ्यावर मेला, तर त्याच्या जठरातले प्लास्टिक डच पाण्यातलेच आहे असे कसे म्हणणार? एकट्या पक्ष्याबद्दल ते म्हणता येतच नाही. पण अनेक पक्ष्यांचा नमुना घेतला की प्रादेशिक फरक दिसतात, आणि ते अपेक्षेला धरून असतात. २००३ ते २००७ या काळात ०.१ ग्रॅमची मर्यादा ओलांडणाऱ्या पक्ष्यांचे प्रमाण उत्तर समुद्राच्या वेगवेगळ्या भागांत ४८ ते ७८ टक्के असे बदलत होते, आणि जहाजांची सर्वाधिक गर्दी असलेल्या इंग्लिश खाडीकडे ते सर्वांत जास्त होते. उत्तरेकडे सरकावे तसे ते उतरते. आइसलँडमध्ये तपासलेल्या फुल्मारांपैकी ७९ टक्क्यांच्या जठरात प्लास्टिक होते, पण मर्यादा ओलांडणारे केवळ २८ टक्के होते. त्याहून उत्तरेकडच्या, आर्क्टिकमधील स्वालबार्डमध्ये प्लास्टिक असलेले पक्षी ८७.५ टक्के निघाले, तरी मर्यादा ओलांडणारे २२.५ टक्केच. "प्लास्टिक आहे की नाही" हा प्रश्न विचारला असता तर स्वालबार्ड आइसलँडपेक्षा मलीन ठरले असते. "किती आहे" हा प्रश्न विचारल्यावर क्रम उलटतो. निर्देशक निवडण्याइतकेच त्याला काय विचारायचे हे ठरवणे महत्त्वाचे असते, हे या दोन आकड्यांच्या जोड्यांइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

आकड्यांनी काय दाखवले

२००३ ते २००७ या पाच वर्षांत उत्तर समुद्राभोवतीच्या १,२९५ फुल्मारांची जठरे तपासली गेली. त्यांपैकी ९५ टक्क्यांमध्ये प्लास्टिक सापडले; सरासरी ३५ तुकडे, ०.३१ ग्रॅम वजनाचे. आणि ५८ टक्के पक्ष्यांनी ०.१ ग्रॅमची मर्यादा ओलांडलेली होती. या ०.३१ ग्रॅमला माणसाच्या वजनाच्या प्रमाणात वाढवून दाखवण्याची पद्धत व्याख्यानांतून रुळली आहे. पाऊण किलोच्या पक्ष्यावरून ६० किलोच्या माणसाचा हिशेब केला तर सुमारे २५ ग्रॅम येतात, आणि श्रोत्यांवर त्याचा परिणामही होतो. देखरेखीच्या दृष्टीने मात्र या गुणाकाराचा काही उपयोग नाही, कारण ०.१ ग्रॅम ही मर्यादा विषबाधेची किंवा मृत्यूची सीमारेषा म्हणून कधी मांडलीच गेली नव्हती. ती धोरणासाठी आखलेली रेघ होती.

खरा निष्कर्ष एकूण आकड्यात नव्हता, तर त्या दोन वर्गांच्या विभागणीत होता. १९८०च्या दशकापासून पुढच्या सुमारे दोन दशकांत फुल्मारच्या जठरातील औद्योगिक दाण्याचे प्रमाण जवळपास ७५ टक्क्यांनी घटले. त्याच काळात वापरातल्या प्लास्टिकमध्ये सुरुवातीला वाढ झाली आणि नंतर चढउतार होत राहिले. सातत्याने घट झाल्याचे दिसले नाही. दोन्ही वर्ग एकत्र तोलले गेले असते तर एकाची घट दुसऱ्याच्या वाढीत बुडाली असती आणि "फारसा बदल नाही" असे उत्तर मिळाले असते. जहाजांतून समुद्रात प्लास्टिक टाकण्यावर बंदी घालणारे मारपोल कराराचे पाचवे परिशिष्ट ३१ डिसेंबर १९८८ रोजी अमलात आले होते, आणि त्याचा ठळक परिणाम वापरातल्या प्लास्टिकवर दिसायला हवा होता. तो तसा दिसला नाही, आणि बंदरांतील कचरा-सोयींचा आग्रह धरणाऱ्यांच्या हाती त्यातूनच एक ठोस आधार आला. दाण्याची घट मात्र वेगळ्या कारणसाखळीकडे बोट दाखवते: दाणा हा टाकून दिलेला कचरा नसतो, तो साठवणूक, भरणी आणि वाहतूक यांत सांडलेला माल असतो, आणि सांडलेला माल म्हणजे मालकाचे नुकसान.

या निष्कर्षाची पडताळणी एका अगदी वेगळ्या मापकाने झाली. उत्तर अटलांटिकच्या मध्यभागी सागरी प्रवाहांच्या विशाल भोवऱ्यात वर्षानुवर्षे जाळ्यांनी गोळा केलेल्या तरंगत्या प्लास्टिकची नोंद उपलब्ध होती. तिथेही औद्योगिक दाणा साधारण ७५ टक्क्यांनी घटलेला आढळला आणि वापरातल्या प्लास्टिकमध्ये ठाम कल आढळला नाही. एक मापक जिवंत, दुसरे यांत्रिक; एक काठाजवळच्या व्यस्त समुद्रातले, दुसरे महासागराच्या मध्यातले; आणि तरीही उत्तर सारखेच. एखाद्या जीवाला निर्देशक म्हणवून घेण्याचा अधिकार अशा जुळणीतून मिळतो. यातून एक अस्वस्थ करणारी गोष्टही समोर आली. तरंगते प्लास्टिक महासागरात अनंत काळ साचून राहत असते, तर भोवऱ्यातला दाणा आत येणे कमी झाल्यावरही इतक्या लवकर घटला नसता. तो पृष्ठभागावरून कुठेतरी जातो आहे: तळाशी, किनाऱ्यांवर किंवा जीवांच्या शरीरांत.

नंतरच्या वर्षांतली माहिती थोडी आशादायक आहे. २०१४ ते २०१८ या काळात तपासलेल्या ३९३ फुल्मारांपैकी ५१ टक्के मर्यादेच्या वर होते. ५८ वरून ५१ ही उतरण मोठी नाही, पण २००२ पासूनच्या पूर्ण मालिकेत ती संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकते. हाच वेग कायम राहिल्यास १० टक्क्यांचे उद्दिष्ट २०५४च्या सुमारास गाठले जाईल, असा अंदाज त्या विश्लेषणातून निघाला. १० टक्क्यांच्या रेघेलाही याच टप्प्यावर शास्त्रीय पाया मिळाला. कॅनडाच्या आर्क्टिक भागातील, तुलनेने अस्पर्शित पाण्यावरच्या फुल्मारांत ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त प्लास्टिक असलेल्यांचे प्रमाण १०.०६ टक्के निघाले, आणि तेच उत्तर समुद्रासाठी उंबरठा-मूल्य म्हणून सुचवले गेले. आधी व्यवहाराच्या अंदाजाने आखलेली रेघ नंतर मोजलेल्या आकड्याशी इतकी नेमकी जुळावी, यात योगायोगाचा वाटा आहे हे मान्य करायला हरकत नाही. त्याहून लक्षात घेण्यासारखे हे, की ज्याला आपण आज स्वच्छ समुद्राचा नमुना मानतो, तिथेही दहातल्या एका पक्ष्याच्या पोटात मर्यादेबाहेर प्लास्टिक आहे.

एक मिलिमीटरच्या खाली

सूक्ष्मप्लास्टिक म्हणजे ५ मिलिमीटरपेक्षा लहान कण, ही व्याख्या आता सर्वत्र रुळली आहे. फुल्मारच्या जठरातील पुष्कळसे तुकडे, आणि सगळा औद्योगिक दाणा, या व्याख्येत बसतो. पण चाळणी १ मिलिमीटरची असल्याने त्याहून बारीक जे काही आहे ते धुऊन जाते. ही चाळणी आळसाने निवडलेली नाही. त्याहून बारीक छिद्रे चिकट स्राव आणि अन्नाच्या अवशेषांनी लगेच बुजतात, आणि वजनाच्या हिशेबात त्या बारीक कणांचा वाटा नगण्य असतो. फुल्मार हा सूक्ष्मप्लास्टिकच्या जाड टोकाचा निर्देशक आहे. त्याच्या आकड्यावरून कपड्यांतून सुटणाऱ्या तंतूंविषयी किंवा टायरांच्या भुकटीविषयी काहीही बोलणे चुकीचे ठरेल. फुल्मारच्या आतड्याच्या शेवटच्या भागातील विष्ठापूर्व पदार्थातही सूक्ष्मकण आढळले आहेत, म्हणजे रगडलेले कण पक्षीच पुन्हा वाटत फिरतो, ही बाब जठराच्या वजनात कधीच उमटणार नाही.

बारीक टोकासाठी स्वाभाविक उमेदवार म्हणून निळ्या शिंपल्याकडे पाहिले गेले. तो एका जागी चिकटलेला असतो, त्यामुळे जागेचा प्रश्न मिटतो. तो दिवसभर पाणी गाळतो. जगाच्या मोठ्या भागात तो किंवा त्याचे नातेवाईक सापडतात. आणि जड धातू व कीटकनाशकांच्या देखरेखीसाठी १९७०च्या दशकापासून शिंपल्यांचा वापर झालेला आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात शिंपल्यांनी गिळलेले काही मायक्रोमीटर आकाराचे कण त्यांच्या रक्तद्रवात शिरलेले दिसले आणि ४८ दिवसांहून अधिक काळ टिकले, तेव्हा ही निवड पक्की झाल्यासारखी वाटली.

पण धातू पाण्यात विरघळतो आणि ऊतींत साठतो. कण विरघळत नाही, आणि शिंपला कणांची निवड करतो. नको असलेले कण तो गिळण्याआधीच श्लेष्म्यात गुंडाळून बाहेर ढकलतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत गोलाकार कणांचा आकार जसजसा वाढवला तसतसे नाकारण्याचे प्रमाण वाढत गेले, आणि १ मिलिमीटरचे गोळे शिंपल्यांनी जवळजवळ सगळेच नाकारले. त्या अभ्यासकांनी म्हणूनच शिंपले हे सूक्ष्मप्लास्टिकचे चांगले निर्देशक नाहीत, असा स्पष्ट निष्कर्ष काढला. माझा कल त्यांच्या बाजूने आहे, पण पूर्णपणे नाही. शिंपल्यातला आकडा पाण्यातल्या प्लास्टिकचा आकडा नाही, हे मान्य. पण एका ठरावीक आकाराच्या पट्ट्यापुरता, एकाच जातीच्या, एकाच लांबीच्या शिंपल्यांची वर्षानुवर्षे तुलना केली, तर कल दिसू शकतो. फुल्मारही काही समुद्रातल्या सगळ्या प्लास्टिकचा हिशेब देत नाही. फरक इतकाच, की त्याचा पक्षपात चार दशकांच्या कामाने ओळखीचा झाला आहे.

दुसरी अडचण प्रयोगशाळेतली आहे. शिंपल्याचे मांस पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात विरघळवून, उरलेले गाळून, कण सूक्ष्मदर्शकाखाली शोधावे लागतात आणि अवरक्त किरणांच्या वर्णपटाने ते खरोखर प्लास्टिक आहेत हे तपासावे लागते, कारण वनस्पतींचे धागे, कापसाचे तंतू आणि कृत्रिम तंतू डोळ्यांना सारखेच दिसतात. एका शिंपल्यात जेव्हा जेमतेम एक-दोन कण सापडतात, तेव्हा तपासणाऱ्याच्या बाहीवरून गळलेला एक तंतू निष्कर्ष दुप्पट करू शकतो. म्हणून प्रत्येक नमुन्याबरोबर रिकामे, बिनशिंपल्याचे द्रावण त्याच खोलीत, त्याच हातांनी, त्याच पायऱ्यांतून नेले जाते आणि त्यात सापडलेले कण हिशेबातून वजा केले जातात. फुल्मारच्या चाळणीवर उरलेला चार मिलिमीटरचा दाणा हवेतून पडलेला असू शकत नाही. सूक्ष्मतेकडे जावे तसा मापक आणि मोजणारा यांच्यातला अंतराय पातळ होत जातो, आणि अहवालात रिकाम्या नमुन्यांचे आकडे दिलेले नसतील तर उरलेले आकडे वाचण्याची तसदी घेऊ नये.

युरोपीय संघाच्या सागरी धोरणविषयक चौकट-निर्देशाखाली २०१७ साली ठरलेल्या निकषांत प्राण्यांनी गिळलेला कचरा आणि सूक्ष्मकचरा या दोन्हींचा उल्लेख आहे, आणि भूमध्य समुद्रात, जिथे उत्तरेकडचा फुल्मार नाही, तिथे लॉगरहेड जातीच्या कासवाच्या पोटाची तपासणी हेच काम करते. त्यात तत्त्व तेच आहे, पण पद्धत तशीच उचललेली नाही: कासव तळावरही चरते, त्याची पचननलिका लांब आहे, आणि म्हणून उंबरठा नव्याने शोधावा लागतो.

नमुना आटतो आहे

फुल्मारच्या देखरेखीपुढची आजची अडचण मात्र वेगळ्याच बाजूने आलेली आहे. २००३ ते २००७ मध्ये १,२९५ पक्षी मिळाले होते, २०१४ ते २०१८ मध्ये ३९३. पाच प्रदेशांत आणि पाच वर्षांत विभागले, तर पहिल्या काळात प्रत्येक प्रदेशाच्या वाट्याला वर्षाला सुमारे ५२ पक्षी येतात आणि दुसऱ्या काळात जेमतेम १६. पहिल्या काळात २००४ च्या सुरुवातीला झालेल्या फुल्मारांच्या सामूहिक मृत्यूमुळे संख्या फुगलेली होती, हे लक्षात घेतले तरी घट मोठी आहे. युरोपातील फुल्मारांची संख्या कमी होत असल्याने किनाऱ्यावर येणारे मृत पक्षीही कमी होणार.

याचा उद्दिष्टाच्या पडताळणीवर सरळ परिणाम होतो. समजा, एखाद्या प्रदेशात खरोखरच नेमके १० टक्के पक्षी मर्यादेच्या वर आहेत. ५० पक्ष्यांच्या नमुन्यात तेव्हा पाच पक्षी अपेक्षित असतात, पण केवळ योगायोगाने ही संख्या बहुतेक वेळा दोन ते नऊ यांच्या दरम्यान कुठेही पडू शकते, म्हणजे ४ पासून १८ टक्क्यांपर्यंत. प्रमाण ५१ टक्क्यांच्या आसपास असताना ही अनिश्चितता फारशी अडत नाही, कारण ५१ आणि १० यांच्यात गोंधळ होण्याचा संभव नाही. उद्दिष्ट जवळ येईल तेव्हाच ती अडचणीची होईल, आणि नेमके तेव्हाच पक्षी सर्वांत कमी मिळत असण्याची शक्यता आहे. वर्षे एकत्र करून नमुना मोठा करता येतो, पण मग बदल ओळखायला उशीर होतो. प्रदेश एकत्र केले तर खाडी आणि स्कॉटिश बेटे यांतला फरक पुसला जातो. लांब दोरीच्या गळांना अडकून मेलेल्या फुल्मारांची जठरे वापरण्याचा मार्ग फॅरो बेटांवर आधीच वापरला गेला आहे, आणि मृत्यूच्या कारणाने प्लास्टिकच्या प्रमाणात विशेष फरक पडत नाही हे जुने निरीक्षण इथे कामी येते. उत्तर समुद्रातील मासेमारी नौकांनीही असे पक्षी समुद्रात परत न टाकता गोठवून बंदरात आणावेत, यासाठी लागणारी व्यवस्था खर्चिक नाही. त्यासाठी मच्छीमारांना आपल्या गळाला पक्षी अडकतात हे उघडपणे मान्य करायला लावावे लागेल, आणि तिथे हा प्रश्न प्रयोगशाळेच्या हातातून सुटून मत्स्य-व्यवस्थापनाच्या हातात जातो.